वहिनीच्या तळ्यातले बिनउवांचे मासे

“वन्सं, तुमच्या माशांना ऊ लागत न्हाय हो!”

वहिनीचा आवाज एवढा चढा होता की मी फोन कानापासून लांब धरला. मी केंद्राच्या व्हरांड्यात चहा पीत होते, उभ्या उभ्याच, कारण बसून चहा प्यायला मला कधी जमलेलं नाही. ह्या पोरीच्या पायाला भिंगरी बांधून देवानं धाडलीय, असं आई म्हणायची, आणि त्यात कौतुक कमी नि वैताग जास्त असायचा.

“माझे कुठले मासे?” मी विचारलं.

“आता घ्या! तुमीच पाठवलं न्हवं का पिंपातनं, दिवाळी झाल्यावर? मी ह्यांना म्हणलं बी, आपण वन्संना साडी नेसवली, त्यांनी त्याचं मासं दिलं. आज जाळं टाकून बघितलं. बाकीच्यांच्या अंगावर उवाच उवा, आणि मधीच हे असं चार-पाच, अंग कसं लख्ख! वन्सं, तुमी जिंकलात बघा.”

चहाचा कप मी कुठं ठेवला ते मला नंतर आठवेना. मी एकही मासा कुणाला पाठवला नव्हता. पाठवणार कशी? ते मासे केंद्राच्या बाहेर जायचेच नव्हते.

बारामतीतल्या ज्या केंद्रात मी काम करते तिथं आम्ही रोहूच्या जनुकात बदल करतो. हे ऐकलं की लोक डोळे मोठे करतात, जसं काही आम्ही माशाला पायच फोडणार आहोत. तसलं काही नाही. रोहूच्या अंगावर बुळबुळीत थर असतो, त्याला एक वास असतो, आणि त्या वासाच्या मागावर माशांची ऊ येते. तो वास ज्या जनुकामुळं तयार होतो ते आम्ही अंड्यातच कापून बंद केलं. उसाच्या कांडीवरचा एक डोळा लावणीआधी खरवडून टाकला तर तिथं कोंब येत नाही, बाकी ऊस ऊसच राहतो. तितकंच. बाहेरचं काही आणून घातलेलं नाही. सांगायला सोपं, करायला मात्र कंबरडं मोडतं. अंडं अजून एकाच पेशीचं आहे तेवढ्यात केसासारख्या बारीक काचेच्या सुईनं त्यात औषध सोडायचं, आणि ते एकदा नाही, दिवसभर, डोळा सूक्ष्मदर्शकाला चिकटवून. बसून! माझ्यासारख्या बाईनं हे काम निवडलं ह्याचं घरच्यांना अजून हसू येतं.

ऊ म्हणजे डोक्यातली ऊ नव्हे. मसुराच्या डाळीएवढा चपटा जीव, पाण्यासारखा आरपार दिसणारा. माशाच्या अंगाला चिकटतो आणि सोंड खुपसून रक्त पितो. मासा बिचारा वेडापिसा होतो, काठाला अंग घासतो, उड्या मारतो, खाणं सोडतो. मग लाल जखमा होतात, त्यांच्यावर बुरशी येते, आणि भिगवणच्या बाजारात नेला तर व्यापारी नुसता हात हलवून पुढच्या पाटीकडं वळतो.

हे मी पुस्तकात शिकले नाही. हे मी वहिनीच्या तळ्यावर बघितलं. डाळजला दादाची जमीन उजनी धरणाच्या फुगवट्याला लागून आहे. त्यातला खालचा तुकडा पाणी लागून लागून चोपण झालेला, ऊस लावला की पिवळा पडून बसायचा. वहिनी म्हणाली, हा तुकडा मला द्या, मी तळं काढते. भावकीत सगळे हसले. उसाच्या घरातली सून चिखलात मासे पाळणार! दादासुद्धा कुरकुरला. पण वहिनी म्हणजे धरलं की न सोडणारी बाई. तळं खोदलं, बांध घातला, रोहू-कटला सोडले, आणि पहिलं जाळं भरून निघालं त्या दिवशी तिनं जी मान वर केली ती केलीच. त्या घरात तिचं स्वतःचं असं ते एकच होतं. लग्नात आलेली भांडी सासूची, दागिने कपाटातले, आणि तळं तिचं.

मग उवा आल्या. चुना टाकून झाला, लाल औषध टाकून झालं. ऊ कठीण जागी अंडी घालते म्हणून वहिनी तळ्यात फळ्या सोडायची, त्यांच्यावर अंड्यांच्या रांगा दिसल्या की बाहेर काढून उन्हात वाळवायची, की परत सोडायची. मी गेले की तिचं सुरू व्हायचं, “एवढ्या शिकलाय, एवढी ऊ मरंना व्हय तुमच्यानं?” मी चिडायचे. चिडून परत यायचे आणि सुई हातात घ्यायचे. आता विचार केला की वाटतं, मी जे काही केलं ते शास्त्रासाठी कमी आणि तिचं तोंड बंद करायला जास्त केलं.

प्रयोगाला जिवंत उवा लागायच्या. त्या आणायच्या कुठून? वहिनीच्या तळ्यातून. माहेरी फोन करून “दादा, जरा चांगल्या भरलेल्या उवा पाठव” म्हणणारी मी महाराष्ट्रातली एकमेव बाई असेन. दादा बारामतीला यायचा तेव्हा टेम्पोत एक निळं पिंप घालून आणायचा, त्यात पाणी आणि उवा लागलेले मासे. आम्ही मासे काढून घ्यायचो, पिंप धुऊन परत द्यायचो.

वहिनीचा फोन ठेवला आणि मी तशीच टाक्यांकडं गेले. तिथं मावशी होत्या. टाक्या धुणं, खाद्य टाकणं, पाण्यावर लक्ष ठेवणं, सगळं त्यांच्याकडं. मला त्या म्याडम म्हणायच्या, पण मी डबा विसरले की अर्धी भाकरी माझ्यापुढं सरकवायच्या.

“मावशी, दिवाळीनंतर दादाचं पिंप परत गेलं, त्यात तुम्ही काही घातलं होतंत?”

“व्हय की,” त्या म्हणाल्या. हातातली जाळी झटकत, अगदी सहज. “ती जास्तीची बोटुकली. तुमच्या त्या नव्या जातीची.”

बोटुकली म्हणजे बोटाएवढी पिल्लं. प्रयोगाला हवी तेवढी ठेवून उरलेली औषधाच्या पाण्यात घालून संपवायची, असा आमचा नियम आहे. ते काम मावशींचं.

“ती मारायची होती!”

“जित्या पिल्लांना कशापायी मारायचं, म्याडम? आणि तुमच्या माहेरचं भांडं. ते काय रिकामं धाडायचं असतंय व्हय?”

आमच्याकडं आलेलं भांडं रिकामं परत देत नाहीत. साखर घाला, गुळाचा खडा घाला, चार शेंगा घाला, पण काहीतरी घाला. मी स्वतः शेजारणीचा डबा साखर घातल्याशिवाय परत देत नाही, हात पुढं होतच नाही. केंद्रात दाराला कुलूप होतं, आत जाताना चपला बदलायच्या होत्या, गटाराच्या तोंडाला तीन जाळ्या होत्या, एक अंडंसुद्धा वाहून जाऊ नये म्हणून. चोर येईल, पूर येईल, मांजर येईल, सगळ्यांचा विचार केला होता. माहेरचं पिंप रिकामं जाऊ नये म्हणून कुणी त्यात मासे घालील, हे कुठल्या नियमात लिहायचं? कप्पाळ माझं!

मी ओरडले. काय काय बोलले ते लिहीत नाही. मावशींचा चेहरा उतरत उतरत पार बारीक झाला.

“तुमीच म्हणायचा,” त्या हळूच म्हणाल्या, “ह्यांना ऊ लागत न्हाय, लोकांचं भलं हुईल. मी म्हणलं, घरच्यांचं आधी हू दे.”

मी तशीच सरांच्या खोलीकडं निघाले.

आमच्या विभागाचे सर म्हणजे शांत माणूस. त्यांचं बोलणं कालव्याच्या आवर्तनासारखं, येईल तेव्हा येईल. एरवी त्यांच्यासमोर बसले की माझा पाय टेबलाखाली हलायला लागतो. त्या दिवशी मी बसलेच नाही. आणि मी तोंड उघडायच्या आत माझ्यामागून मावशी आत आल्या.

“सायेब, मासं मी टाकलं. म्याडमला ठावं न्हवतं.”

सरांनी चष्मा काढला. सगळं ऐकलं. मग एकच प्रश्न विचारला, “उजनी किती भरलीय?”

तोच प्रश्न मलाही पडला होता. आमच्याकडं तेव्हा टिपूस नव्हता, कडक ऊन पडलं होतं. पण उजनीला आमच्या पावसाची गरज नसते. तिकडं घाटात कोसळतो, पुण्याची धरणं भरतात, दारं उघडतात, आणि इकडं कोरड्या उन्हात पाणी शेतांत चढायला लागतं. आज ह्या बांधाला, उद्या त्या बाभळीला. मोठ्या सालात ते वहिनीच्या तळ्यावरून जातं. बांध बुडला की तळं आणि उजनी एकच.

“चढतंय,” मी म्हटलं. “दादा सकाळी म्हणाला.”

सरांनी कागद पुढं ओढला. वर कळवावं लागेल, परवानगी घ्यावी लागेल, पंचनामा करावा लागेल, असं एकेक ते सावकाश बोलायला लागले.

“सर, आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी चाललंय हे!” माझ्या तोंडून निघून गेलं. “पाणी तिकडं चढतंय आणि आपण इथं पत्र लिहितोय.”

त्यांना राग आला नाही. “तुम्ही पुढं व्हा,” ते म्हणाले. “पत्र मी लिहितो, उद्या सकाळी माणसं आणि मोटर घेऊन येतो. सगळं तळं रिकामं करावं लागेल. सगळे मासे. पण वहिनींना तुम्ही सांगा. ते मला जमणार नाही.”

सगळे का, असं कुणीही विचारील. चार-पाच लख्ख मासे उचलायचे आणि मोकळं व्हायचं. पण आमचा रोहू आणि साधा रोहू वरून एकसारखेच. अंगावर ऊ नाही एवढ्यावरून ओळखावं, तर साध्या माशालाही एखाद्या दिवशी ऊ नसते. प्रत्येकाचा पर कापून तपासावा तर तेवढ्यात पाणी तळ्यावर येऊन बसेल. मावशींनी किती पिल्लं घातली हे त्यांनाच आठवत नव्हतं. “वंजळभर,” एवढंच त्या म्हणाल्या. त्यातला एक जरी राहिला आणि उजनीत गेला, तर मग तो कुणाच्या बापाला सापडणार नव्हता.

स्कूटी काढली आणि भिगवण रस्त्याला लागले. त्या रस्त्यावर मी स्वतःशी जे भांडले ते कुणी ऐकलं असतं तर गाडी बाजूला घ्यायला लावली असती. खरं सांगते, मला ते मासे हवे होते. आमच्या टाकीत उवा लागत नाहीत हे आम्हाला माहीत होतं, पण टाकी म्हणजे टाकी. खऱ्या चिखलात, खऱ्या उवांमध्ये, एक अख्खा हिवाळा आणि उन्हाळा काढून ते मासे लख्ख राहिले होते. ही परीक्षा घ्यायची परवानगी आम्हाला कधी मिळणार हे कुणी सांगत नव्हतं, आणि मावशींनी ती वंजळभर पिल्लांत घेऊन टाकली होती. वाटलं, फोन आलाच नाही असं धरू. पाणी कदाचित तळ्यापर्यंत येणारही नाही. दर साली कुठं येतं? मग वाटलं, आणि आलं तर? धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. भिगवणात तळलेल्या माशांचा वास आला आणि मी गाडीचा वेग वाढवला. एरवी मी तिथं थांबल्याशिवाय पुढं जात नाही.

वहिनी बांधावर उभी होती, पदर खोचून, पाय चिखलानं माखलेले. मला दाखवायला तिनं त्यातला एक मासा घमेल्यात पाणी घालून ठेवला होता. घमेलं तिनं असं पुढं केलं जसं बारशाचं बाळ दाखवतात.

“बघा तर खरं!”

मी बघितलं. वीतभर रोहू, खवल्यांवर तांबूस झाक, शेपटीला एक चीर नाही, अंगावर एक ठिपका नाही. सुईखालच्या अंड्यांतून जे मला कधी डोळ्यांनी दिसलं नव्हतं ते घमेल्यात कल्ले हलवत होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वहिनीला वाटलं आनंदाचं.

“वहिनी, बस जरा,” मी म्हटलं.

“तुमी बसा म्हणताय म्हणजे काय तरी इपरीत हाय,” ती म्हणाली आणि उभीच राहिली.

मी सांगितलं. पिंप, मावशी, नियम, चढणारं पाणी, रिकामं करायचं तळं, सगळं एका दमात.

ती ऐकत होती. मग म्हणाली, “हे मासं इखारी हायत का?”

“नाही.”

“रोगट हायत?”

“नाही गं. तूच बघतेयस.”

“मग वाईट काय हाय त्यांच्यात?”

“ते माहीत नाही, वहिनी. उजनीत गेले, तिथल्या माशांत मिसळले, त्यांची पिल्लं झाली, तर काय होईल ते आम्ही अजून बघितलेलं नाही. ह्यांना ऊ लागली नाही तर त्या उवा दुसऱ्या माशांवर दुपटीनं जातील का, तेही माहीत नाही. आख्ख्या फुगवट्यावर लोक पोट भरतात. त्यांच्या पाण्यात न विचारता हे सोडायचं नाही.”

“म्हणजे म्हायती न्हाय म्हणून मारायचं.”

“हो.”

“आणि माझं बाकीचं मासं? त्यांनी काय केलंय? चूक तुमच्या हाफिसाची आणि मरायचं माझ्या माशांनी?”

“हो, वहिनी.”

तिनं घमेलं खाली ठेवलं, जपून, पाणी हिंदकळू न देता. मग ती माझ्याकडं पाठ करून तळ्याकडं बघत राहिली. मला उभं राहवेना, मी बांधावरून इकडून तिकडं, तिकडून इकडं चालत राहिले. ती एकदम फिरली आणि म्हणाली, “एका जागी उभ्या रहा की! माझा जीव चाललाय आणि तुमी फेऱ्या मारताय!”

मी उभी राहिले.

दादा फुगवट्याकडून वर येत होता. सकाळी रोवलेली काठी बुडाली, असं त्यानं सांगितलं. त्याला सगळं कळल्यावर त्यानं डोकं खाजवलं. “तळं हिचं हाय,” तो म्हणाला. “ही म्हणंल ते.” मला दादाचं त्या क्षणी इतकं कौतुक वाटलं की सांगता येत नाही.

“वन्सं,” वहिनी म्हणाली, “खरं सांगा. हे तुमचं तळं असतं तर?”

“आधी भांडले असते. मग शिव्या घातल्या असत्या. मग मोटर चालू केली असती.”

“भांडून झालं,” ती म्हणाली. “शिव्या ऱ्हायल्यात.”

आणि तिनं त्या घातल्या. मला, मावशींना, माझ्या केंद्राला, तिनं कधी न बघितलेल्या सरांना, उवांना, पुण्याच्या धरणांना. मी लहानपणापासून ह्या भागात वाढले, पण त्यातल्या काही मला नव्या होत्या. दादा खाली बघून उभा राहिला. सगळं संपल्यावर तिनं पदरानं तोंड पुसलं.

“उद्या सकाळी मोटर लावा,” ती म्हणाली.

सकाळी सर आले, माणसं आली, आणि टेम्पोच्या मागच्या बाजूला मावशी. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. त्या उतरल्या आणि वहिनीसमोर जाऊन उभ्या राहिल्या. मग वहिनीनं एक पाटी त्यांच्या हातात दिली आणि दोघी तळ्यात उतरल्या.

पाणी उपसायला लागलो. मोटरीच्या तोंडाला बारीक जाळी आणि वर दुहेरी मच्छरदाणीचं कापड, आणि उपसलेलं पाणी वरच्या पडीक शेतात. तळं आटत गेलं तसं माशांनी उसळी घ्यायला सुरुवात केली. चिखलात कमरेएवढं उतरून आम्ही त्यांना जाळ्यानं, पाट्यांनी, हातांनी काढत होतो. बहुतेकांच्या अंगावर उवा. माझ्या हातांवर उवा, मावशींच्या बाह्यांवर उवा. सरसुद्धा पॅन्ट गुडघ्यावर दुमडून पाट्या वाहत होते, एक शब्द न बोलता, आणि त्यांच्या त्या गप्प राहण्याचा मला पहिल्यांदाच आधार वाटला. काठावर टब ठेवले होते, त्यांत लवंगेचं तेल घातलेलं पाणी. मासा त्यात आधी पेंगतो, मग झोपतो, मग उठत नाही. त्यातल्या त्यात ते बरं.

मधेच माझं लक्ष गेलं. वहिनीनं बाजूला एक वेगळा टब घेतला होता, साध्या पाण्याचा. लख्ख मासा सापडला की ती तो त्यात टाकत होती.

माझं डोकंच फिरलं. “वहिनी! एकही नाही! एकसुद्धा ठेवायचा नाही, काल सांगितलं ना तुला!”

“मला ठावं हाय,” ती म्हणाली. तिनं माझ्याकडं बघितलंही नाही. “ठिवत न्हाय मी. जरा बघू द्या. हे तळं काढल्यापासून मी निसत्या उवाच बघितल्यात.”

ती टबापाशी उकिडवी बसली. मावशी येऊन बसल्या. मीही बसले, चिखलातच. टबात ते मासे एकामागून एक गोल फिरत होते, उन्हात पाठी चमकत होत्या. मी एवढंच म्हटलं, “हे मी केलेत, वहिनी.”

“चांगलं केलंत,” ती म्हणाली.

मग तिनं लवंगेच्या तेलाची बाटली उचलली आणि स्वतःच्या हातानं टबात ओतली. मी हात पुढं केला होता, पण तिनं तो बाजूला सारला. मासे मंद झाले, कुशीवर वळले. मावशी रडत होत्या. वहिनी रडली नाही, तिचा जबडा तेवढा हलत होता. वर माळावर खड्डा काढला होता, तिथं सगळे मासे गेले, मधे चुन्याचे थर. तळाच्या चिखलावर सरांच्या माणसांनी पांढरी पावडर पसरली. सर जाताना वहिनीला हात जोडून भरपाईबद्दल आणि नव्या बोटुकल्यांबद्दल काही सांगत होते. ती हो हो म्हणाली. मला नाही वाटत तिला त्यातलं काही ऐकू गेलं.

पाणी आलं. फार उशीर नाही लावला त्यानं. दादानं फोनवर व्हिडिओ पाठवला, त्यात बांध दिसत नव्हता, तळं कुठं होतं तेही कळत नव्हतं, नुसती उजनी, आणि वर निरभ्र आभाळ. मी तो सरांना दाखवला. “वेळेत झालं,” ते म्हणाले. खरंच होतं ते. आम्ही थांबलो असतो तर वहिनीचे आणि माझे मासे त्या पाण्यातून कुठल्या कुठं गेले असते. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मावशींना टाक्यांवरून काढून खाद्याच्या गोदामात टाकलं, नोकरी तेवढी राहिली. आमच्या माशाचा तळ्यातल्या चाचणीचा अर्ज कुठल्या तरी टेबलावर आहे. मी दर आठवड्याला विचारते. प्रक्रिया चालू आहे, असं उत्तर येतं. मी व्हरांड्यात फेऱ्या मारते.

डाळजला मी फोन करत नव्हते. करून बोलणार काय? वहिनीही करत नव्हती. खाली धरणातून पाणी सोडलं, फुगवटा जरा उतरला, असं पेपरात आलं, आणि त्यानंतर एका दुपारी तिचा फोन आला.

“वन्सं, बांध वर आला. तळं परत दिसाय लागलं.”

“बरं झालं,” मी म्हटलं. “चिखल वाळू दे, मग आपण—”

“तळ्यात मासं हायत.”

“कुठले मासे? वहिनी, नीट सांग. कुठले?”

“उजनीचं. पाण्यासंगं आत आलं आणि बांध वर आल्यावर अडाकलं. चिलापी हाय, रोहू हाय. आत्ता जाळं टाकून बघितलं.”

मी फेऱ्या मारायची थांबले. “उवा आहेत?”

“भरल्यात,” वहिनी म्हणाली. “ह्यांना कुणी परवानगी इचारली न्हाय.”